‘आपोआप होईल’ म्हणालास, पण ते करतंय कोण?

आधी पत्र, थोडं कापून देतेय.

“मावशी, मी ३८ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दीड वर्षापूर्वी बर्नआउट झाला, झोप गेली, डॉक्टरांच्या चकरा सुरू झाल्या. त्या काळात ‘ताओ ते चिंग’ या जुन्या चिनी ग्रंथाचं एक भाषांतर हाती लागलं आणि वू वेई ही कल्पना एकदम पटली. जबरदस्ती करायची नाही, प्रवाहासोबत जायचं. ऑफिसमध्ये खरंच फरक पडला, टीमवर ओरडणं थांबलं, काम उलट चांगलं व्हायला लागलं. घरी मात्र भांडण झालंय. आई ७१ वर्षांची, साताऱ्यात असते, सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, तिचं घर साताऱ्यातच आहे, नोकरी सांभाळून आईचं सगळं तीच बघते. मी दर महिन्याला पैसे पाठवतो. गेल्या महिन्यात तिचा फोन आला की आता रात्रीचंही बघावं लागतं, तू ये, बसून ठरवू. मी म्हटलं, ताई, फोर्स नको करूया, आपोआप मार्ग निघेल. त्यावर ती म्हणाली, ‘तुझी शांतता माझ्या जिवावर चाललीये’, आणि फोन ठेवला. त्यानंतर बोललेली नाही. मी वू वेई चुकीचं समजलोय का? आणि अगदी खरं सांगायचं तर, आत डोकावून बघितलं की माझी सहज इच्छा साताऱ्याला न जाण्याचीच आहे. मग वू वेईप्रमाणे तेच बरोबर नाही का? की शेवटी गीतेतलं कर्तव्यच खरं?”

अरे, आधी तुझ्या बाजूचं बोलते, कारण पुढे मी तुला बरंच सुनावणार आहे. ऑफिसात जे झालं ते खोटं नाहीये. आजारपणातून उठताना एखादं पुस्तक हाताला लागतं आणि माणूस त्याला धरून उभा राहतो, ते मी फार जवळून बघितलंय, आणि त्या पुस्तकाबद्दल तुला जे प्रेम वाटतं त्याचा मला आदरच आहे. आणि शेवटचा जो प्रश्न लिहिलायस ना, की माझी सहज इच्छाच न जाण्याची आहे, तो लिहायला धीर लागतो. बहुतेक लोक ते स्वतःशीसुद्धा बोलत नाहीत. म्हणून मी हे पत्र निवडलं.

आता शब्द बघू. वू म्हणजे नाही, वेई म्हणजे करणं. पण नुसतं ‘न करणं’ एवढंच असतं तर त्या पुस्तकाला ८१ प्रकरणं लागली नसती. ३७ व्या प्रकरणात म्हटलंय की ताओ, म्हणजे जगाची मूळ वाट, कायम काही करत नाही, आणि तरी न झालेलं असं काही राहत नाही. तुझ्या मनात यातला पहिला अर्धा भाग बसलाय. दुसरा अर्धा बघ, काहीही व्हायचं राहत नाही. तुझ्या आईच्या घरीसुद्धा काही व्हायचं राहत नाहीये, गोळ्या वेळेवर पोचतायत, आंघोळ होतेय, रात्री दोन वाजता कोणीतरी उठतंय. फक्त ते ताओ करत नाहीये, ताई करतेय. तू जेव्हा ‘आपोआप’ म्हणतोस तेव्हा त्या आपोआपच्या आत एक ४६ वर्षांची बाई बसलेली आहे, जी सकाळी डबा करून नोकरीला पण जाते.

हे पुस्तक कोणाला उद्देशून होतं तेही जरा लक्षात घे, रीलवाले हे कधीच सांगत नाहीत. परंपरा म्हणते लाओ त्झूने लिहिलं, चौ राजघराण्याच्या दरबारातल्या दस्तऐवजांचा सांभाळ करणारा माणूस, पश्चिमेच्या खिंडीतून निघून जाताना तिथल्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याने गळ घातली म्हणून लिहून दिलं. अभ्यासक मात्र त्याला अनेक हातांतून घडलेलं पुस्तक मानतात. ते काही असो, १९९३ मध्ये हुबेई प्रांतात ग्वोदियान इथल्या एका कबरीत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला याचा काही भाग सापडला, साधारण इसवी सनपूर्व ३०० च्या सुमाराचा, म्हणजे चीनमधली राज्यं एकमेकांचे गळे कापत होती त्या काळातला. आणि त्या पानापानावर राजा आहे. मोठं राज्य चालवणं म्हणजे बारीक मासे शिजवण्यासारखं, हे ६० वं प्रकरण, म्हणजे सारखं ढवळशील तर मासा कढईत विरघळून जाईल. ७५ व्यात तर सरळच लिहिलंय की लोक उपाशी आहेत कारण वरचे लोक कर फार खातात. म्हणजे ‘करू नकोस’ हे कोणाला सांगितलंय? ज्याच्या हातात सत्ता आहे, ज्याच्या एका लहरीने हजार माणसं रस्ता बांधायला नाहीतर लढायला जुंपली जातात, त्याला. ती त्याच्या हाताला घातलेली वेसण आहे. आधीच ज्याच्या पाठीवर ओझं आहे त्याला ‘सोडून दे, होईल’ म्हणायला हे लिहिलेलं नाही.

आणि तुमच्या घरात राजा कोण आहे, विचार कर. पैसे तू पाठवतोस, शहरात तू, मुलगा तू, आणि ‘आता काही ठरवायचं नाही’ हेसुद्धा तूच ठरवलंस, ताईने बसून ठरवू म्हटल्यावर. न ठरवणं हा तुझा निर्णय होता रे, आणि तो तू तिच्यावर लादलास. जबरदस्ती नको म्हणत म्हणत जबरदस्तीच झाली ती.

हान फेई नावाचा एक विचारवंत होऊन गेला, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला, कडक कायदेवाला. त्याने हीच वू वेई उचलली आणि राजाला शिकवली. राजाने स्वस्थ बसावं, स्वतःची इच्छा कोणाला कळू देऊ नये, मंत्र्यांना राबू द्यावं, काम जमलं तर नाव राजाचं आणि फसलं तर दोष मंत्र्याचा. शब्द तोच, शांतता तीच, बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणारही नाही. मला हे वाचताना दर वेळी कसंतरी होतं, कारण घराघरात हा हान फेईचा राजा बसलेला असतो, अगदी प्रेमळ माणसाच्या रूपात सुद्धा. आणि दुसऱ्या बाजूला ‘ताओ ते चिंग’चं १७ वं प्रकरण आहे, तिथला उत्तम राजा असा की लोकांना तो आहे एवढंच माहीत, काम पार पडतं तेव्हा लोक म्हणतात, हे आमचं आम्हीच केलं. दोघेही गप्प. पण १७ व्यातला राजा श्रेय सोडतो, आणि हान फेईचा राजा फक्त कष्ट सोडतो. तू यातला कोण आहेस हे मी ठरवणार नाही, पण ताई म्हणाली ना ‘माझ्या जिवावर’, ते वाक्य ह्याच फरकावर बोट ठेवणारं आहे, आणि तिने ताओचं एक पानही न वाचता ते अचूक ठेवलंय.

आता तुझा खरा प्रश्न. सहज इच्छा न जाण्याची आहे, मग सहज तेच बरोबर का?

तुला आचारी दिंगची गोष्ट माहीत असणार, वू वेईवर दोन ओळी वाचणाऱ्यालाही ती भेटतेच. ‘च्वांग त्झू’ या ताओ विचाराच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथाचं तिसरं प्रकरण. वेनहुई राजासमोर दिंग मारलेल्या बैलाचं मांस हाडांपासून सोडवतोय, सुरी इतकी अलगद फिरतेय की जणू नाच चाललाय. तो सांगतो, साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो कारण तो घाव घालतो, चांगला आचारी वर्षाला बदलतो कारण तो कापतो, माझी ही सुरी १९ वर्षं झाली, हजारो बैल झाले, पातं आत्ताच धार लावल्यासारखं आहे, कारण सांध्यांमध्ये मुळातच फट असते आणि पात्याला जाडी नसते. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्याच्या आधी तो म्हणतो की सुरुवातीला मला समोर नुसता अख्खा बैल दिसायचा, तीन वर्षांनंतर तो तसा दिसायचा थांबला. तीन वर्षं! म्हणजे त्याची सहजता पहिल्या दिवसाची नाहीये. पहिल्या दिवशी त्याच्या मनात सहज काय आलं असेल? की एवढं मोठं जनावर, नको बाबा. तुला आत्ता जे वाटतंय ते म्हणजे हा अख्खा बैल आहे. आई, पार्किन्सन्स, सातारा, रात्री, पैसे, ताईचा राग, सगळं मिळून एक काळंकुट्ट धूड समोर उभं आहे आणि आतून आवाज येतो नको. तो आवाज खोटा नाही, भीतीचा आहे, आणि बर्नआउट होऊन गेलेल्या माणसाला तर भीती वाटणारच. पण भीतीचा पहिला झटका म्हणजे सहजता, असं दिंग कुठेच म्हणत नाही.

आणि पुढचा भाग तर लोक हटकून गाळतात. दिंग म्हणतो, जेव्हा जेव्हा मी गुंतागुंतीच्या गाठीपाशी येतो तेव्हा तिथली अडचण बघून मी सावध होतो, नजर तिथेच रोखतो, हात हळू करतो, सुरी अगदी किंचित हलवतो, आणि मग फटकन सगळं सुटतं, मातीचं ढेकूळ खाली पडावं तसं. तो गाठ टाळत नाही रे. गाठीपाशी तो सगळ्यात जास्त हजर असतो. तू गाठ आली म्हटल्यावर सुरी ठेवून लांब जाऊन बसलास आणि त्याला वू वेई म्हणालास. तुझी सुरी धारदार राहिली हे खरं, पण तिकडे ताईची सुरी महिन्याला झिजतेय, कारण तिच्या एकटीच्या वाट्याला घाव घालणंच येतं, सावकाश फट शोधायला तिच्याकडे वेळ कुठे आहे.

हे मी पुस्तकातून बोलत नाहीये. माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स होता. चालता चालता ते दारात एकदम थांबायचे, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. आई पण थांबत असेल बघ, ताईला विचार. पहिल्या वर्षी मी काय करायचे, हात धरून ओढायचे. चला ना, चला, मला उशीर होतोय. ते अजून ताठ व्हायचे, आणि एकदा मी ओढलं आणि ते माझ्या अंगावर कोसळले, मनगट मोडलं त्यांचं. अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो. नंतर घरी येणाऱ्या फिजिओने शिकवलं की ओढायचं नाही, ढकलायचं नाही, मागून घाई तर अजिबात करायची नाही. थांबा, त्यांना नीट उभं राहू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग समोर काहीतरी ओलांडायला द्या, फरशीवर रंगीत पट्टी चिकटवा नाहीतर तुमचंच पाऊल आडवं ठेवा, किंवा एक दोन एक दोन मोजा. आणि काय सांगू, जो पाय दोन माणसांच्या ताकदीने हलत नव्हता तो त्या पट्टीवरून सहज उचलला जायचा. बाथरूमच्या दारात लाल टेपच्या तीन पट्ट्या लावल्या होत्या आम्ही. वू वेई हा शब्द मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळला, पण कळला तेव्हा डोळ्यासमोर कुठला डोंगर-धबधबा आला नाही, त्या लाल पट्ट्या आल्या. जोर लावणं थांबलं होतं, पण मी तिथून गेले नव्हते. तिथे उभं राहून, त्यांच्या पायाकडे बघत, रोज. आणि ते बघायला शिकायला मला वर्ष लागलं.

‘पाण्यासारखं व्हा’ हे तर तू पत्रात दोनदा लिहिलंयस, मी वर कापलं. ‘ताओ ते चिंग’च्या आठव्या प्रकरणात आहे ते, की सर्वोत्तम भलेपणा पाण्यासारखा, सगळ्यांचं भलं करतं आणि कोणाशी झगडत नाही. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे म्हटलंय की लोकांना ज्या जागांची किळस येते तिथे पाणी जाऊन राहतं, म्हणून ते ताओच्या जवळ असतं. तुमच्या घरातली ती जागा कुठली? रात्री दोनचं कमोड, ओली झालेली चादर, जेवताना हनुवटीवरून ओघळणारी लाळ. प्रवाहासोबत जायचं म्हणतोस ना, तर उतार तिकडे आहे. तू पुण्यात थांबलायस ते उतारावर नाही, ते चढावर जाऊन बसणं आहे, आणि त्यालाच तर खरा जोर लागतोय तुला, महिनाभर ताईचा विचार दाबून ठेवायला किती शक्ती गेली असेल तुझी.

आता इथे एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही, कारण या विषयात मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट तीच आहे. सहजता म्हणजे चांगुलपणा, असं आपोआप होत नाही. ‘च्वांग त्झू’च्या दहाव्या प्रकरणात झ नावाचा दरोडेखोर आहे, त्याला त्याचा चेला विचारतो, चोरांनाही ताओ असतो का? तो म्हणतो, नाही कसा, घरात कुठे काय दडवलंय ते ओळखणं हे ज्ञानीपण, आधी आत शिरणं हे धैर्य, शेवटी बाहेर पडणं ही नीती, जमेल की नाही हे कळणं ही बुद्धी आणि लूट सारखी वाटणं ही माया. म्हणजे त्या लोकांना हे ठाऊक होतं की खिसेकापूसुद्धा हात एकदम अलगद चालवतो, फसवणारा माणूस किती सहज बोलतो. तल्लीनता कोणाचीही असू शकते. ऑफिसात तुझं काम सुरळीत व्हायला लागलं यावरून तू योग्य वाटेवर आहेस हे सिद्ध होत नाही, एवढंच कळतं की तू कमी घासतोयस.

मग नीती कुठून येते? मला सापडलेलं उत्तर सांगते, सगळ्यांना पटेल असं नाही. ‘च्वांग त्झू’तच ल्युल्यांगच्या धबधब्याची गोष्ट आहे, जिथे मासे-कासवंही टिकत नाहीत अशा पाण्यात कोन्फ्यूशिअसला एक माणूस दिसतो, त्याला वाटतं जीव द्यायला उतरलाय, शिष्यांना धावायला सांगतो, तर तो माणूस काही शे पावलांवर बाहेर येतो, केस मोकळे, गाणं म्हणत. कसं जमतं विचारल्यावर म्हणतो, पाण्याची जी वाट असते तिच्या मागे मी जातो आणि त्यात माझं स्वतःचं काही घुसडत नाही. हे ‘माझं स्वतःचं’ म्हणजेच त्यांच्याकडे कसोटी आहे असं मला वाटतं. दरोडेखोर कितीही अलगद असला तरी सगळी हालचाल ‘मला काय मिळेल’ याच्याभोवतीच फिरते. आणि तुझी शांतता, रागावू नकोस, पण ती सुद्धा ‘मला त्रास नको’ याच्याभोवती फिरतेय. ‘ताओ ते चिंग’च्या ६७ व्या प्रकरणात तीन ठेवी सांगितल्यात, पहिली माया, आईची असते तशी, दुसरी काटकसर, तिसरी जगात पुढे पुढे न करणं. आणि लगेच म्हटलंय की माया आहे म्हणून धैर्य येतं. हे मला फार आवडतं, की धैर्य वेगळं कमवायला लागत नाही. तुला आईची माया आहे, पत्रात दिसते ती, तिच्या हातच्या कुळथाच्या पिठल्याबद्दल तू चार ओळी लिहिल्यास ज्या कोणी विचारल्या नव्हत्या.

कोणी म्हणेल की हे मावशीने ओढूनताणून लावलेलं आहे, वू वेई म्हणजे गप्प बसणंच. तर हा वाद दोन हजार वर्षं जुना आहे. इसवी सनपूर्व १३९ मध्ये लिऊ आन या राजाने हान सम्राट वू ला एक मोठा ग्रंथ भेट दिला, ‘ह्वाइनानत्झू’, त्याचं १९ वं प्रकरण सुरूच या तक्रारीने होतं की काही लोक म्हणतात ओढलं तरी यायचं नाही, ढकललं तरी हलायचं नाही, म्हणजे वू वेई, आणि मला हे मान्य नाही. मग तो विचारतो, शेननोंगने, म्हणजे चिनी पुराणातल्या शेती शिकवणाऱ्या राजाने, कोणती वनस्पती खायची ते लोकांना कळावं म्हणून स्वतः चाखून बघितल्या, एका दिवसात सत्तर वेळा विषबाधा झाली, तो काय गप्प बसला होता? पाणी पूर्वेकडे वाहतं हे खरं, पण माणसाने चर काढला तरच ते पाटातून जातं. धान्य वसंतात उगवतं, पण माणसाने राबावं लागतं. मग ‘वेई’ म्हणजे नको असलेलं करणं कुठलं? तर विहीर आग लावून सुकवायला बघणं, ह्वाय नदी डोंगरावर चढवायला बघणं. आणि वू वेई म्हणजे खाजगी इच्छेला सार्वजनिक वाटेत शिरू न देणं. इतकं स्वच्छ लिहिलंय की शेतकऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणेल यात नवीन काय.

गीतेबद्दल विचारलंस. निष्काम कर्म आणि हे एकमेकांच्या जवळ येतात, पण एकच नाहीत, आणि मी तुला कर्तव्याचं लेक्चर मुद्दाम देणार नाही. ‘ताओ ते चिंग’चं १८ वं प्रकरण म्हणतं की घरातल्या नात्यांतला मेळ गेला की मग आईबापांच्या भक्तीचं कौतुक सुरू होतं. मला हे खरं वाटतं. ‘मुलाचं कर्तव्य’ म्हणून गेलास तर तू तिथे कर्तव्य करशील, आई आणि ताई दोघींना ते कळेल, आणि तीन दिवसांत सगळे थकतील.

म्हणून करायचं काय.

आधी एक गोष्ट करू नकोस. पुण्याहून प्लॅन घेऊन जाऊ नकोस, एक्सेल शीट, केअरटेकरचे रेट, आईला पुण्याला हलवायचं वगैरे. ‘च्वांग त्झू’तली गोष्ट आहे, लू राज्यात एक समुद्रपक्षी येऊन उतरला, तिथल्या राजाला इतका आनंद झाला की त्याने त्याला पूर्वजांच्या मंदिरात नेलं, दारू दिली, दरबारी संगीत लावलं, बैल-मेंढी-डुकराची मेजवानी मांडली, पक्ष्याने एक घास खाल्ला नाही आणि तीन दिवसांत मेला. च्वांग त्झू म्हणतो, त्याने स्वतःला जे आवडतं त्याने पक्षी पोसला, पक्ष्याला जे लागतं त्याने नाही. आईला तुझ्या बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट म्हणजे ती मेजवानी असू शकते. नसेलही. पण हे तिथे राहिल्याशिवाय तुला कळणार नाही.

दहा दिवसांची सुट्टी काढ. आणि त्या दहा दिवसांत ताईने बसवलेली सिस्टीम जशीच्या तशी चालव, एक चमचा इकडचा तिकडे करू नकोस. हान घराण्याच्या सुरुवातीला, इसवी सनपूर्व १९३ मध्ये, मुख्य मंत्री शियाव ह वारला आणि त्याच्या जागी त्साओ शेन आला, आणि त्याने आधीच्याचा एकही नियम बदलला नाही. तरुण सम्राट वैतागला की हा काहीच करत नाही, तर त्साओ शेनने त्याला विचारलं, तुम्ही तुमच्या वडिलांपेक्षा हुशार आहात का, आणि मी शियाव ह पेक्षा? नाही ना, मग त्यांनी लावून दिलेली घडी आपण नीट सांभाळू या. नवीन आलेल्याने करायची वू वेई ही अशी असते. तुला टेस्टिंगवाल्याला पहिल्याच दिवशी दहा बग दिसतील, की ही गोळी इथे का ठेवली, हा टॉवेल असा का. गप्प राहा. सहा वर्षांचा अनुभव आहे त्या टॉवेलमागे.

शीक मात्र सगळं. गोळ्यांच्या वेळा पाठ कर, या आजारात लेव्होडोपा असलेली गोळी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाली तरी काही पेशंटचे हातपाय लगेच कुरकुरतात, आणि जेवणातल्या प्रोटीनमुळे तिचा असर कमी होऊ शकतो म्हणून जेवणाच्या किती आधी किंवा नंतर द्यायची हे आईच्या डॉक्टरांना तू स्वतः विचारून घे. ती कुठल्या दारात थांबते, कुठल्या कुशीवर वळवताना कण्हते, बघ. पहिले तीन दिवस तुला नुसता बैल दिसेल, घाबरून जाशील, रात्री वाटेल परत जावं. तेव्हा छातीत धडधडायला लागलं तर स्वतःचीही काळजी घे, डॉक्टरांशी बोल, ते पण याच कामात येतं, तू मोडलास तर ताईला दुसरा पेशंट नको आहे.

आणि फोटो टाकू नकोस, आईसोबतचा, स्टेटसला. ‘च्वांग त्झू’मध्ये चिंग नावाचा सुतार आहे, घंटांची चौकट अशी कोरायचा की लोकांना वाटायचं भुताने केली. तो आधी उपास करायचा, तीन दिवसांनी बक्षिसाचा विचार सुटायचा, पाच दिवसांनी स्तुती-निंदेचा, सात दिवसांनी स्वतःचे हातपाय आहेत हेही विसरायचा, मग जंगलात जाऊन लाकूड शोधायचा. तुझे पहिले पाच दिवस त्यातच जातील, चांगला मुलगा दिसण्याचा मोह आणि ताईने माफ करावं ही घाई, दोन्ही सुटायला. ताई दहा दिवसांत वितळणार नाही कदाचित. तिने वितळावं म्हणून जायचंच नाहीये.

केअरटेकर, पैसे, पुणे की सातारा, हे सगळं अकराव्या दिवशी बोला, तोपर्यंत फट कुठे आहे ते तुलाही दिसू लागलेलं असेल. ‘ताओ ते चिंग’च्या ६३ व्या प्रकरणात आहेच, अवघड काम ते सोपं असताना हाताळ, मोठं काम ते लहान असताना. एक महिन्यापूर्वी हे एका फोनचं काम होतं, आता दहा दिवसांचं झालंय, सहा महिन्यांनी काय होईल ते मला लिहायचं नाहीये.

ताईला फोन आज कर. वू वेई, ताओ, चीन, यातलं एक अक्षर काढू नकोस तिच्यासमोर. आणि ‘ताई, मी काय करू सांग’ असंही विचारू नकोस, कारण मग कामं वाटून देण्याचं काम पण तिच्याच डोक्यावर जाईल. तारीख सांग. शुक्रवारी रात्री निघतोय, शनिवारपासून दहा दिवस रात्री मी झोपेन आईच्या खोलीत, तू तुझ्या घरी झोप. तिने फोन उचलला नाही तर हाच मेसेज टाक आणि शुक्रवारी निघ.